लॉगबुकातले साठ अंश : सायझिंग आणि प्रोसेसवाल्या मालकांना खुले पत्र

इचलकरंजीतल्या सर्व सायझिंग आणि प्रोसेस हाऊसच्या मालकांना, संचालकांना,

स. न. वि. वि.

मी प्रथम श्रेणीचा बॉयलर अटेंडंट. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगला आणि कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाऊसला वाफ पुरवणाऱ्या, या गावातल्या तीन-चार बॉयलर हाऊसमध्ये अठ्ठावीस वर्षं काढली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला पाहिलंय, नाव मात्र ठाऊक नसेल. बॉयलरवाल्याचं नाव बॉयलर बंद पडल्यावरच विचारतात. या पत्रात सॉफ्टवेअरबद्दल लिहायचंय, पण त्याआधी एक कबुली द्यावी लागेल. ती दिल्याशिवाय पुढचं खरं वाटणार नाही.

कित्येक वर्षं मी लॉगबुकात फीड वॉटरचं, म्हणजे बॉयलरला पुरवायच्या पाण्याचं, तापमान ६० अंश लिहीत आलो. दर तासाला साठ. मे महिन्यात साठ, पावसाची झड लागली तरी साठ. टाकीवरचा थर्मामीटर कधीचा फुटला होता, त्याच्या सॉकेटात कुणीतरी चिंधी कोंबली होती. वाफेच्या रकान्यात मी तासाला ४ टन लिहायचो. फीड लाईनवरच्या पाण्याच्या मीटरचा काटा अडकलेला, आणि ‘आपला लोड चार टनाचा’ असं माझ्या आधीच्या माणसानं मला सांगितलेलं. शिफ्ट सुटायला पंधरा मिनिटं उरली की बसायचं आणि आठ तासांचे आठही रकाने एका दमात भरून टाकायचे.

नवा असताना एकदा खरा आकडा लिहिला होता. डाय लॅबमधून थर्मामीटर मागून आणला, टाकीत बुडवला, ४७ आले, ४७ लिहिले. दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं केबिनमध्ये बोलावलं. “ऑडिटची माणसं येणार आहेत. वरच्या सगळ्या पानांवर साठ आहे, तुझ्या पानावर सत्तेचाळीस? काय उत्तर देऊ मी?” त्या दिवसापासून मीही साठच लिहायला लागलो.

हे बिंग फोडलं माझ्या पुतण्यानं. तो मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होता, प्रोजेक्टसाठी ‘काका, तुमच्या बॉयलरवर काहीतरी करू का’ म्हणाला. परवानगी काढली. लॅपटॉप घेऊन तो फायरिंगच्या बाजूच्या बाकड्यावर येऊन बसला. लॅपटॉपवर मेझर (MEASUR) नावाचं सॉफ्टवेअर होतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं, तिथल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं तयार केलेलं. कुणीही फुकट उतरवून घ्यावं, कोडसुद्धा उघडा. पूर्वी याच खात्याचं वाफेसाठीचं साधन एक्सेलच्या फाईलमध्ये होतं. आता पंप, पंखे, कॉम्प्रेसर, भट्ट्या आणि वाफ अशा सगळ्यांसाठी मिळून हे एकच झालंय.

वाफेच्या भागात ते कारखान्याचं चित्र मांडतं. बॉयलर, त्यातून निघणारे वेगवेगळ्या प्रेशरचे एक ते तीन हेडर (वाफ वाटणारे मोठे पाईप), मधले प्रेशर कमी करणारे व्हॉल्व, टर्बाईन असेल तर टर्बाईन, फ्लॅश टँक (गरम पाण्यातून सुटणारी वाफ वेगळी करणारी टाकी), डीएरेटर (फीड वॉटरमधली हवा काढणारा), परत येणारं कंडेन्सेट (वाफ आटून झालेलं पाणी), ब्लोडाऊन (क्षार साठू नयेत म्हणून बॉयलरमधून सोडलेलं पाणी). आपण आजचे आकडे भरायचे, कोळशाचा, विजेचा, पाण्याचा भाव टाकायचा. मग त्याच चित्राची नक्कल काढून एक गोष्ट बदलायची आणि दोन्ही शेजारी ठेवून बघायचं. स्टीम टेबल त्याच्या पोटातच असतं. परीक्षेच्या वेळी आम्ही ज्या पुस्तकाची पानं थुंकी लावून उलटायचो, ते काम हे सॉफ्टवेअर डोळ्याची पापणी लवायच्या आत करतं.

पुतण्यानं माझ्या लॉगबुकातले आकडे भरले. प्रेशर १० किलो (चौरस सेंटिमीटरला). वाफ तासाला ४ टन, म्हणजे दिवसाला ९६. फीड वॉटर ६०. कोळशाची उष्णता पुरवठादाराच्या रिपोर्टप्रमाणे किलोला ४,५०० किलोकॅलरी. धुराड्याचं तापमान आणि ऑक्सिजन त्यानं कॉलेजातून आणलेल्या यंत्रानं मोजला, त्यावरून बॉयलरची कार्यक्षमता ७३ टक्के धरली.

“काका, तुमच्या बॉयलरला दिवसाला साडेसतरा टन कोळसा लागतो.”

“साडेतेरा लागतो. वजनकाट्याच्या पावत्या आहेत.”

“मग वाफ एवढी होत नाही. नाहीतर तुमचा बॉयलर पंचाण्णव टक्क्यांचा आहे.”

गावठी कोळशावर चालणारा, वीस वर्षांचा बॉयलर पंचाण्णव टक्के! मी हसलो, पण हसू फार टिकलं नाही. कोळशाच्या पावतीवर पैसे दिले जातात, ती खोटी असायचं कारण नव्हतं. खोटं होतं ते माझ्या अक्षरात.

मग आम्ही मोजलं. मीटर नव्हतं म्हणून मोजायचं थांबलो नाही. फीड टाकी दोन मीटर बाय दीड मीटर. म्हणजे पातळी एक सेंटिमीटर उतरली की तीस लिटर पाणी गेलं. बांबूच्या काठीवर सेंटिमीटरच्या खुणा केल्या. मेकअपचं (भर घालायचं नवं) पाणी बंद, परत येणारं कंडेन्सेट तेवढ्यापुरतं बाजूला सोडलं, ब्लोडाऊन बंद. गेज ग्लासात पातळी जिथं होती तिथंच शेवटीही असली पाहिजे, हे मात्र बघायला लागतं, नाहीतर बॉयलरमध्येच पाणी साठलं किंवा उतरलं आणि मोजमाप फसलं. वीस मिनिटांत काठी साडेतेहेतीस सेंटिमीटर उतरली. हजार लिटर. तासाला तीन टन. दोन दिवसांत वेगवेगळ्या शिफ्टला आम्ही हे सात वेळा केलं, सरासरी तीनच्या आसपासच राहिली. लॅबचा थर्मामीटर टाकीत घातला, ४८ आले.

तीन टन आणि ४८ अंश घालून पुतण्यानं परत गणित चालवलं. कोळसा आला साडेतेरा टन. ब्लोडाऊनपोटी शे-दोनशे किलो इकडंतिकडं, पण पावतीशी जुळलं.

तेव्हा त्या कारखान्यात दुसऱ्या बॉयलरची कोटेशनं मागवून झाली होती. ‘चार टन वाफ जातेय आणि तरी प्रेशर बसतंय (खाली येतंय)’ असं कागदावर दिसत होतं, आणि तो कागद मी भरलेला होता. खरी सरासरी गरज तीनच टनाची होती. प्रेशर बसायचं कारण वेगळं होतं, सकाळी सगळे जेट (कापड रंगवायची यंत्रं) एकदम चालू व्हायचे. वेळा मागंपुढं केल्या आणि कोटेशनं फाईलमध्ये गेली. खोट्या आकड्याची किंमत नवा बॉयलर घेण्यापर्यंत जाते, हे मी स्वतः बघितलंय.

आता त्या ४८ अंशांकडं बघा. बाहेरून येणारं मेकअपचं पाणी २८ अंशाचं, मशीनवरून परत येणारं कंडेन्सेट ९५ च्या आसपास. दोन्ही मिसळून ४८ होत असतील, तर टाकीत पडणाऱ्या शंभर बादल्यांपैकी तीसच कंडेन्सेटच्या आहेत. सत्तर बादल्या नवं पाणी. दिवसाला पन्नास हजार लिटर सॉफ्टनरमधून (पाणी मऊ करणाऱ्या यंत्रातून) काढलेलं, मीठ खाल्लेलं, विकत घेतलेलं पाणी. आणि तेवढंच गरम, शुद्ध, चहा करावा इतकं स्वच्छ पाणी मशीनच्या खाली गटारात.

ओपन स्टीम जिथं थेट पाण्यात सोडतो, जिगरमध्ये (हेही रंगाईचं यंत्र) किंवा खळ शिजवताना, तिथली वाफ परत येणार नाही, हे मान्य. तरी तिसाचे पासष्ट टक्के होऊ शकतात असं पाइपिंग बघून आम्हाला वाटलं. मॉडेलमध्ये तीस खोडून पासष्ट केले. फीड वॉटर ७२ अंशांवर गेलं, कोळसा जवळजवळ चार टक्के कमी झाला. बॉयलरवाले फार पूर्वीपासून म्हणतात, सहा अंशाला एक टक्का, तोच हिशेब. चार टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. साडेतेरा टनाचे ते दिवसाला सव्वापाचशे किलो, आणि सव्वीस दिवसांच्या महिन्यात बरोबर एका दिवसाचा कोळसा. महिन्यातला एक दिवस बॉयलर फुकट चालला. शिवाय दिवसाला पंचवीस हजार लिटर पाणी वाचलं, म्हणजे दहा हजारी टँकर अडीच. या गावात पाण्याचा टँकर म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको.

सॉफ्टवेअरचा खरा उपयोग मला इथून पुढं कळला. कंडेन्सेट वाढलं की मेकअप कमी, मेकअप कमी म्हणजे बॉयलरमध्ये क्षार कमी, म्हणजे ब्लोडाऊन कमी, म्हणजे परत थोडा कोळसा कमी. ही साखळी आम्हाला तोंडपाठ असते, पण तिचा हिशेब कागदावर कुणी करत नाही. तो हे सॉफ्टवेअर करतं. आणि उलट बाजूही दाखवतं, जी विकणारा कधीच दाखवत नाही.

तुमच्या केबिनमध्ये कोण कोण येतं ते मी खिडकीतून बघितलंय. इकॉनॉमायझरवाला (धुराच्या उष्णतेनं फीड वॉटर तापवणारं यंत्र विकणारा) येतो, पाच-सहा टक्के वाचवून देतो म्हणतो. कंडेन्सेट पंपवाला आठ म्हणतो. ट्रॅपवाला (वाफ अडवून फक्त कंडेन्सेट सोडणारा व्हॉल्व विकणारा) दहा. लॅगिंगवाला (पाईपवर उष्णता राखणारं आवरण चढवणारा) चार-पाच. पाण्यात टाकायच्या केमिकलवाल्याचे वेगळे. सगळ्यांची बेरीज केली तर दोन-तीन वर्षांत तुम्हाला बॉयलरमधून कोळसा उकरून विकावा लागेल. प्रत्येकजण आजच्या कारखान्यावर आपला टक्का मोजतो. पण फीड वॉटर ७२ झालं की इकॉनॉमायझरला धुरातून उष्णता खेचायला पूर्वीइतका वाव उरत नाही. गळके ट्रॅप बदलले की परत येणाऱ्या फ्लॅश स्टीमचं प्रमाण घटतं, मग फ्लॅश व्हेसलवाल्याचं गणित बदलतं. मेझरमध्ये एकावर एक बदल टाकत गेलं की दिसतं, पहिल्यानं पोट भरल्यावर तिसऱ्याच्या वाट्याला किती उरलं. पुढच्या वेळी कुणी टक्के घेऊन आला तर एवढंच विचारा, आधीचे दोन बदल झाल्यावर तुझे किती?

प्रेशरचंही असंच. ‘दहाऐवजी सात किलोवर बॉयलर चालव, कोळसा वाचेल’ हा हुकूम मी आयुष्यात चार मालकांकडून ऐकलाय. मॉडेलनं अर्धा टक्का सांगितला, कारण दहा किलोच्या वाफेत एकूण ६६४ किलोकॅलरी आणि सातच्या वाफेत ६६१. गळती जराशी कमी होईल, पण प्रेशर उतरलं की वाफेबरोबर पाणी उचललं जायची भीती वाढते आणि ओल्या वाफेनं शेडमधली पोरं शिव्या देतात. बॉयलर वरच्या प्रेशरलाच चालवावा, खाली मशीनजवळ गरजेपुरतं उतरवावं. तीन किलोची वाफ आटताना किलोला ५१० किलोकॅलरी सोडते, दहाची ४७८. पंचाण्णव अंशांच्या जिगरला तीन किलो पुष्कळ झाले. पॉलिस्टरच्या जेटला १३० अंश लागतात, तिथं मात्र तीन किलोचा हट्ट करू नका. तीन किलोची वाफच १४३ ची, बॅच चढता चढणार नाही आणि डायिंग मास्टर बॉयलरच्या नावानं बोंब मारेल.

आता सॉफ्टवेअरला जे दिसत नाही त्याविषयी. पासष्ट टक्के पडद्यावर लिहिणं सोपं होतं. तिसाचे तीसच का, ते शोधायला आम्ही टॉर्च आणि लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन निघालो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक ट्रॅपवर, मूठ कानाला. टीडी ट्रॅप (आत चकती उघडमीट होते तो) बरा असेल तर टिक... टिक... ऐकू येतं, थांबून थांबून. फुंकत असेल तर नुसता सूं आवाज, न थांबणारा. शेडमध्ये चाळीस ट्रॅप होते. सात फुंकत होते, आणि अकरांचे बायपास व्हॉल्व उघडे होते.

बायपास उघडा का ठेवतात, ते एकदा पहाटे सायझिंगला उभं राहून बघा. रात्रभर थंड पडलेल्या सिलिंडरमध्ये पाणी आणि हवा भरलेली. सायझर ओरडतोय, बीम थांबलेत, सिलिंडर तापत नाही. हेल्पर बायपास फिरवतो, पाणी धाडकन निघून जातं, दहा मिनिटांत सिलिंडर तापतो. तो चुकला म्हणता येत नाही. पण नंतर बायपास बंद करायला परत कोण जाणार? मग दिवसभर जिवंत वाफ ट्रॅपला वळसा घालून कंडेन्सेटच्या लाईनमध्ये पळते. फिटर म्हणतो, ‘लाईनमध्येच जातेय ना, टाकीतच पडतेय, वाया कुठं?’ टाकीच्या व्हेंटवरचा पांढरा ढग त्याला दिसत नाही. दिसला तरी तो म्हणतो बॉयलर जोरात आहे!

त्याच्याहून वाईट पुढं होतं. कंडेन्सेटच्या लाईनमध्ये वाफ घुसली की त्या लाईनचं प्रेशर वाढतं. मग लांबच्या जेटचा ट्रॅप आपलं पाणी त्या लाईनमध्ये ढकलू शकत नाही, पाणी तुंबतं, जेट तापत नाही. तिथला ऑपरेटर लाईनचा ड्रेन गटारात सोडून देतो आणि त्याचं काम भागतं. आमच्या तीस टक्क्यांचं मूळ हे निघालं. अकरा बायपासमुळं लांबचं सगळं कंडेन्सेट गटारात चाललं होतं, आणि खरेदी खात्यात नव्या कंडेन्सेट पंपाची चर्चा चालू होती. बायपास बंद केले, सिलिंडरवर हवा बाहेर टाकणारे फ्लोट ट्रॅप बसवले, पहाटेची ओरड थांबली. फ्लोट ट्रॅप टीडीपेक्षा महाग असतो म्हणून खरेदीवाला वर्षानुवर्षं टीडीच आणत होता.

गळतीचा अंदाज हवा असेल तर, सात किलो प्रेशरला तीन मिलिमीटरचं भोक तासाला पंचवीस-तीस किलो वाफ सोडतं. दिवसाचा सव्वाशे किलोच्या आसपास कोळसा. हे भोक करदोऱ्यातल्या मण्याएवढं असतं. उघड्या पाईपचंही सांगून टाकतो. दोन इंची लाईनचं लॅगिंग निघालं असेल तर मीटरमागे तीनशे वॉटच्या वर उष्णता शेडमध्ये सांडते, आणि लॅगिंग नसलेला एक व्हॉल्व म्हणजे साधारण एक मीटर उघडी पाईप. दुरुस्तीला व्हॉल्व उघडल्यावर त्यावरचं लॅगिंग परत बसवलेलं मी फार क्वचित पाहिलंय.

यावर कुणी म्हणेल, आमच्याकडं हे सगळं ऑनलाईन आहे. असेल. एका ठिकाणी मीही बघितलं. मालकांच्या केबिनमध्ये भिंतीवर मोठा टीव्ही, त्यावर वाफेचा हिरवा आलेख, मोबाईलवर मेसेज. बॉयलर हाऊसमध्ये मात्र पडदा नाही, आम्हाला पासवर्डही नाही. फ्लो मीटर बसवला होता हेडरच्या वळणाला लागून. मीटरच्या आधी पाईप सरळ लागते, नाहीतर वाफ भोवरे घेत येते आणि मीटर वाटेल ते दाखवतो. हे बसवणाऱ्याला ठाऊक नव्हतं की जागा नव्हती, देव जाणे. शिवाय तो मीटर आकारमान मोजणारा, सात किलोच्या वाफेवर बेतलेला, आणि प्रेशरप्रमाणे दुरुस्ती करायची तार जोडलेलीच नव्हती. सात किलोला घनमीटरमध्ये ४.१६ किलो वाफ मावते, पाच किलोला ३.१७. प्रेशर पाचवर उतरलं की टीव्हीवर वाफ तीस टक्के जास्त दिसायची. रोज संध्याकाळी प्रेशर उतरायचं, रोज संध्याकाळी आलेख चढायचा, आणि रोज संध्याकाळी आम्हाला फोन यायचा की वाफ एवढी का खाताय. त्या टीव्हीला किती लाख लागले ते मी विचारलं नाही. आमच्या काठीला बांबूचा एक तुकडा लागला होता.

मी यंत्राच्या विरोधात नाही. ज्या गावानं १९०४ साली पहिला यंत्रमाग आणला, त्या गावातल्या माणसानं यंत्राला नावं ठेवू नयेत. फक्त क्रम उलटा लागलाय असं वाटतं. थर्मामीटर आधी, टीव्ही नंतर.

कायदा हे करून घेईल अशी वाट बघू नका. बॉयलरचा जुना कायदा १९२३ चा, आता २०२५ चा नवा आलाय, पण दोन्हींचं काम एकच, बॉयलर फुटू नये. दरवर्षी तपासणी होते, लागली तर हायड्रॉलिक टेस्ट (पाणी दाबून ताकद बघणं) होते, सर्टिफिकेट भिंतीवर लागतं. ते सर्टिफिकेट सांगतं की माणसं सुरक्षित आहेत; कोळसा किती उधळला ते त्याच्यावर कुठंच नसतं, आणि नसावंही. ऊर्जा बचतीचा कायदा २००१ चा. त्याखाली २०१२ पासून मोठ्या कारखान्यांना ठरवून दिलेलं उद्दिष्ट गाठावं लागतं, कापडवाल्यांसाठी ही हद्द वर्षाला ३,००० टन तेलाइतक्या ऊर्जेची. माझ्या त्या कारखान्याचा कोळसा या मापात बसवला तर अठराशे-एकोणीसशे टन भरतो. म्हणजे आपल्यातले बहुतेक या हद्दीच्या खाली. आपल्याला कुणी विचारणार नाही. पुण्याला महाऊर्जा या सरकारी संस्थेचं कार्यालय आहे, तिथं ऊर्जा ऑडिटची चौकशी करता येते, पण ऑडिटवाला आला तरी तो पहिल्यांदा मागणार लॉगबुकच.

साखर कारखान्यातल्या मित्रांनी विचारलं म्हणून जाता जाता, तुमच्याकडं हे साधन आमच्यापेक्षा जास्त लागू आहे. तुमच्याकडं टर्बाईनमधून वीज काढून उरलेली वाफ रस आटवायला जाते. तिथं खालच्या प्रेशरची वाफ वाचवली की टर्बाईनमधून जाणारी वाफही कमी होते आणि वीज घटते, नाहीतर ती वाफ कंडेन्सिंगला (थंड करून पाणी करायला) वळवावी लागते. बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) भाव आणि विजेचा दर टाकल्याशिवाय, वाचवलेली वाफ फायद्याची की तोट्याची हे नुसत्या डोक्यानं सांगता येत नाही. माझा त्यातला अनुभव थोडा, म्हणून इथंच थांबतो.

माझं मागणं मोठं नाही. फीड लाईनवर एक चालू पाण्याचं मीटर आणि टाकीवर एक थर्मामीटर बसवा. फायरमन बकेटनं कोळसा ओढतो, ती बकेट एकदा काट्यावर ठेवून वजन काढा, मग शिफ्टला किती बकेट गेल्या एवढं मोजलं तरी चालतं. तुमच्या घरात किंवा ऑफिसात लॅपटॉप चालवणारं पोरगं आहेच, ते हे सॉफ्टवेअर दोन दिवसांत शिकेल; पण ते केबिनमध्ये बसून चालवू नका. बॉयलर हाऊसमध्ये आणा, अटेंडंटला शेजारी बसवा. ९५ टक्के बघून हसणारा माणूस शेजारी हवा. नाहीतर सॉफ्टवेअर जे घालाल ते मुकाट्यानं गिळतं, आणि सुंदर रंगीत आलेख काढून देतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मॅनेजरला सांगून ठेवा की लॉगबुकात आकडा वाईट आला म्हणून कुणाला बोलायचं नाही. ४७ लिहिणाऱ्या पोराला केबिनमध्ये बोलावलंच, तर ‘४७ का?’ एवढंच विचारा. माझ्या वेळी कुणी विचारलं असतं तर अकरा बायपास वीस वर्षांपूर्वीच सापडले असते. आठ तासांचे आठ आकडे सारखे दिसले, तर मात्र जरूर बोला. खरं पाणी तासातासाला सारखं तापत नसतं.

तुमच्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत अर्धा तास मिळाला तर मी येईन, पुतण्यालाही सुट्टी काढायला लावीन. तो आता पुण्याला नोकरी करतो. भाषण करायचं नाही, कुणा एकाच्या बॉयलर हाऊसमध्ये जमू. ज्यांची तयारी असेल त्यांनी फीड टाकीची आतली लांबी-रुंदी फुटपट्टीनं मोजून कागदावर लिहून ठेवावी आणि गेल्या महिन्याच्या कोळशाच्या पावत्या काढून ठेवाव्यात. काठी माझ्याकडे आहे.

कळावे,

आपला,
एक बॉयलर अटेंडंट (प्रथम श्रेणी)